आवाज करणारा फिल्टर

"सगळे मुकेच फिल्टर ठेवले का बे गोपाल? मले आवाज करणारा पाह्यजे," आमचे हे काउंटरवर कुरकुरले.

चिखलीतलं हे रंगीत माशांचं दुकान गोपालचं. तो आमच्या विहंगचा शाळेपासूनचा मित्र. खाऱ्या पाण्याचा फिशटँकही विहंगचाच, पण विहंगचं नाव आम्हा तिघांपैकी कोणीच काढेना.

गोपाल एकेक फिल्टर बादलीत सोडून दाखवी. हे वाकून कान लावत आणि मान हलवत. साडी घेताना मीसुद्धा इतके नखरे करत नाही.

"काका, लोकं तर आवाज नको म्हणून भांडतात," गोपाल हसला. मग एक जुना, जाडजूड फिल्टर काढून त्याने बादलीत सोडला. तो चांगलाच गुडगुडू लागला.

"हाच दे," हे म्हणाले.

"हा मोठ्या टँकचा आहे काका. मासे किती आहेत सध्या?"

मी काउंटरवरच्या, टँकमध्ये घालायच्या मिठाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचू लागले. चष्मा घरीच राहिला होता.

हे बादलीकडेच बघत होते.



"मासे नाहीत रे. विहंग मेला, त्याच्या मागे तेही मेले. पन बंद दाराआड गुडगुड चालू असली, की पोरगं खोलीत आहे असं वाटते."