ढगाखालची वजनं

अंगणवाडीतला वजनकाटा उन्हाळ्यातच मोडला. नवा येण्याआधी भामरागडचा रस्ता पुराखाली गेला. पूर ओसरल्यावर सुपरवायझर मॅडम आल्या, त्याही रिकाम्या हातांनी. “अंजनाबाई, काटा मोडण्याआधीच्या वजनात पाव किलो वाढवून लिहा. अहवाल खोळंबलाय.” अंजनाबाईंनी सुट्टीवर आलेल्या लेकीकडे पाहिलं. समुद्राच्या ज्या भागात माशांनाही खायला उरत नाही, तो किती पसरला, हे संघप्रिया उपग्रहाच्या चित्रांवरून रोज मोजायची. माशांच्या उपासमारीची सरकारदरबारी चोख नोंद होती. “पोरी, तुह्या समुद्रावर ढग आले तं काय लिहितेस वो?” “काईच नाई, माय. दिसत नाई ती जागा आमी काळी सोडतो.” अंजनाबाईंनी पेन उचलून सतरा पोरांच्या नावांपुढचे रकाने काळे केले. मॅडम किंचाळल्या, “वरचे विचारतील हे काय म्हणून!” “विचारू द्या. पोरं काऊन वाळून राह्यले, हे तं कोणी विचारलंच नाई.”