कडेचा टाका

दुपारी अक्काचा डोळा लागला, की शालन तिच्या मांडीवरची शाल हळूच उचलायची, सकाळच्या ओळी उसवायची आणि पुन्हा नीट विणून ठेवायची. ट्युनिशियन क्रोशाच्या लांब सुईवर नव्वद टाके उचलायचे, मग एकेक करून परत सोडत यायचे. मधाच्या पोळ्यासारखी ही उठावदार वीण तिला लहानपणी अक्कानेच शिकवली होती. हल्ली मात्र प्रत्येक ओळीत कडेचा शेवटचा टाका अक्काच विसरायची. शालन आपली धाकटी बहीण, हेही ती विसरली होती. हातातली कलाही चालली आहे हे तिला कळू नये, एवढंच शालनच्या हाती उरलं होतं.

त्या दुपारी शालनलाही झोप लागली. जाग आली, तेव्हा अक्का शाल उजेडात धरून बसली होती. एक कड आत आत सरकत गेली होती.

"हे कुणी केलं?" अक्काचा आवाज कापत होता.

"मी, अक्का. चुकलं माझं."

अक्काचा चेहरा सैलावला. "तरी म्हटलं! नऊ वर्षांची घोडी झालीस, शालू, तरी कडेचा टाका सोडतेस? हात पुढे कर."

कितीतरी महिन्यांनी अक्काच्या तोंडी तिचं नाव आलं होतं. एकाहत्तर वर्षांच्या शालनने हात पुढे केला. सुईचा हलकाच फटका बसला.

"आता बघ नीट." अक्काने नवी ओळ घेतली, एकेक टाका मोजत कडेपर्यंत आली आणि शेवटचा सोडून परत फिरली.

शालनने पुढे केलेला हात मागे घेतलाच नाही.