ढिली गाठ

हरीओमनं रिसोडहून आणलेलं चित्रांचं पुस्तक त्याच्या लेकीला, संस्कृतीला तोंडपाठ झालं होतं: अंडं, अळी, कोष आणि शेवटच्या पानावर फुलपाखरू. घरच्या रेशमाच्या अळ्यांना तुतीचा पाला टाकता टाकता शेवटचं पान सोडून सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

फुलपाखरू निघालं की कोष फाटतो, धागा तुटतो. म्हणून त्याआधीच कोष विकायचे आणि घेणारा ते जित्या जिवासकट उकळतो, हे पोरीला सांगायला हरीओमची जीभ कधी रेटली नाही.

आज तो कोषांचं पोतं मोटरसायकलवर चढवत होता, तशी ती धावत आली. "बाबा, गाठ ढिल्ली ठेवजो. फुलपाखरं बाहीर कसे निंगतीन?"

त्यानं गाठ ढिली केली.



वेस ओलांडल्यावर गाडी थांबवून त्यानं ती पुन्हा करकचून आवळली.