सोळा तारा आणि एक मेहुणा

मेहुण्यानं सातव्यांदा घसा खाकरला, तेव्हा तारमास्तरांच्या हातातला ॲल्युमिनियमचा पाइप थरथरला. सकाळपासून ते मोजत होते. प्रत्येक खाकरणं बेंबीपासून निघायचं आणि परसातल्या नळाखाली संपायचं.

"धरा नीट," तारमास्तर म्हणाले.

"धरलाय की, जावईबापू." असं म्हणून मेहुण्यानं मोकळ्या हाताच्या करंगळीनं कान कोरला आणि करंगळीवर काय आलं ते उजेडात धरून पाहिलं.

तारमास्तरांनी मान फिरवली. त्यांची उभी हयात तारखात्यात गेली होती. टिकटिकीवरून पलीकडचा माणूस ओळखणारा हा गृहस्थ निवृत्तीनंतर रेडिओच्या नादाला लागला होता. परसात तीन पुरुष उंचीचा अँटेना उभारायचा, त्याच्या पायथ्याशी मातीखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या सोळा तांब्याच्या तारा पसरायच्या आणि सातासमुद्रापलीकडच्या माणसांशी गप्पा मारायच्या. त्या माणसांची एक गोष्ट त्यांना फार आवडायची. त्यांचा नुसता आवाज येतो, वास येत नाही.

पण खरा डाव वेगळाच होता. केबल जितकी लांब, तितका आवाज क्षीण. म्हणजे रेडिओ अँटेनाजवळच हवा. अँटेनाजवळ होती ती मागची खोली, आणि मागच्या खोलीत होता मेहुणा.

"चार दिवस म्हणता म्हणता आठ महिने झाले," बायको भाजी चिरताना म्हणाली. "कुठेतरी दुसरीकडे सोय बघायला हवी."

"बघेल की. चांगला धडधाकट माणूस आहे."

बायकोची सुरी थांबली. "दादा तोंडानं एक शब्द बोलायचा नाही हो. अशा वेळी आपणच ओळखायचं असतं."

"ओळखलंय. म्हणून तर खांब उभारतोय."

"खांबाचा काय संबंध?"

तारमास्तर गालातल्या गालात हसले. बायकांना तांत्रिक गोष्टी समजावत बसण्यात अर्थ नसतो, असं त्यांचं जुनं मत होतं.

तारा पुरायला घेतल्या. पहिलाच चर खणताना मेहुणा म्हणाला, "इथे नको. इथून पाण्याचा पाइप गेलाय." तारमास्तरांनी तिथेच कुदळ मारली. पाइप होता. पुढचा तासभर मेहुणा चिखलात बसून फुटका पाइप बांधत होता, आणि अधूनमधून त्याच बोटांनी नाक पुसत होता. या माणसाला सगळंच ठाऊक असतं, याचाही तारमास्तरांना वीट आला होता.

शेजारचे कंपाउंडर कुंपणावरून मान काढून हे पाहत होते. "काय मास्तर, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," तारमास्तर म्हणाले.

कंपाउंडर मान आत घेऊन निघून गेले.

केबल आत घ्यायला मागच्या खोलीच्या चौकटीत भोक पाडावं लागलं. आत शिरताच तारमास्तरांनी नाकाला रुमाल लावला. गुडघ्यांना चोळायच्या तेलाचा भपकारा, दोरीवर ओलसर मोजे, उशीवर डोक्याच्या आकाराचा पिवळा डाग. खिडकीत एका पेल्यात कवळी दात विचकून बसली होती. मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसा त्यांनी तो पेला दोन बोटांनी उचलून कपाटावर ठेवला.

"तिथे माझा हात पोचत नाही हो," मेहुणा बोळक्या तोंडानं म्हणाला.

"स्टूल घ्या," तारमास्तर म्हणाले.

रेडिओ मेहुण्याच्या उशापाशी बसला. अँटेना झकास लागला होता. तारमास्तर मेहुणा उठायच्या आधी खोलीत हजर होत आणि तो दुपारी आडवा झाला की पुन्हा येत. खरखर, शिट्ट्या, कुठल्या तरी परमुलखातल्या माणसाचं घोगरं बोलणं. मेहुणा भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिसऱ्या दिवशी त्यानं मोजे दोरीवरून काढले.

"तुमच्या कामात माझी अडचण होतेय, जावईबापू. कपड्याच्या दुकानावर मित्राची एक खोली पडून आहे. तिथे जातो."

"दादा, हे बरं दिसत नाही रे!" बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

"मला कुठे चष्म्याशिवाय काही दिसतंय?" मेहुणा हसला. कवळी घालायला तो विसरला नव्हता. त्यानं पिशवी खांद्याला अडकवली, बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाला.

तारमास्तरांनी मागच्या खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी छातीभर श्वास घेतला. टेबलावर अँटेनाच्या परवान्याचा अर्ज उघडून बसले, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि चपला न घालताच बाहेर धावले.

"दादा! अहो दादा, थांबा!"

फाटकाशी मेहुणा थबकला. मागे वळला. त्याचा चेहरा उजळला. त्यानं खांद्यावरची पिशवी हळूच खाली ठेवली.

"बोला, जावईबापू."

"एक सही राहिलीय," तारमास्तर धापा टाकत म्हणाले, आणि पेन त्याच्या हाताला लागू नये अशा बेतानं टोकाकडून धरून त्यांनी पुढे केलं. "इथे, खाली. 'घरमालक' लिहिलंय, तिथे."