एकसारखा पीळ

मुलाच्या पत्राला दाजीमास्तरांनी पंधरा दिवस उत्तर दिलं नव्हतं. "रत्नागिरीत मोकाट कुत्र्यांना विष घालतायत असं ऐकलं. माझ्या खंड्याला बांधून ठेवा आणि तसं कळवा," एवढंच त्यानं मुंबईहून लिहिलं होतं. बांधल्याशिवाय खोटं कसं कळवायचं? मास्तर काथ्या घेऊन ओटीवर दोरी वळायला बसले. पीळ कुठे जाड, कुठे बारीक येई. दोनदा त्यांनी सगळा उलगडला. "मास्तर, दोरी वळताव की जानवं?" शेजारची राही हसली. "मी म्हशीचं दावं देतंय, बांधा एकदा." मास्तर ओशाळले, पण उठले नाहीत. तिसऱ्या खेपेला दोरी एकसारखी उतरली. ती घेऊन ते अंगणात गेले, तर खंड्या फणसाखाली तोंडाला फेस येऊन थंड पडला होता. दुपारी त्यांनी चार उत्तरं लिहून फाडली. मग दोरीच फडक्यात शिवली आणि पत्ता घालून पोस्टात टाकली.