देवीचं दुसरं नाव

म्हाताऱ्या ल्युबेनच्या महाकादंबरीच्या सातव्या खंडात अग्निदेवी वेल्काची मधूनच कालिना झाली, आणि बल्गेरियात प्लोवदिवपासून वार्नापर्यंत त्याचे चाहते हमरीतुमरीवर आले. कथेतला देवीचा पंथ फुटला, की लेखकच चुकला? शेवटी त्याच्या बायकोनं, स्नेझानानं, खोट्या नावानं इंटरनेटवर ठोकून दिलं, ‘कादंबरीतल्या लोकांच्या धर्मात म्हातारी माणसं देवीला नव्या नावानं हाक मारतात. तो देवीचा मान असतो.’

आज ल्युबेन नेमकं तेच वाचत बसला होता. स्नेझाना त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती.

“बघ, पठ्ठ्यानं माझ्या मनातलं बरोब्बर ओळखलं!” तो खुशीत हसला.

तिचा जीव भांड्यात पडला.

“राद्का, चहा टाक गं.”

“टाकते हं,” स्नेझानानं नव्या नावाला ओ दिली.