सूचना

संध्याकाळचे सहा वाजले होते आणि दवाखाना चक्क उघडा होता. दिवे लागलेले, पंखे गरगर फिरत होते, कुलूप काढून शिपाई दाराशी उभा. पेशंट मात्र एकही नाही. आज सभा होती.

वस्तीसाठी आलेला पैसा कशावर खर्चायचा ते वस्तीनंच ठरवायचं, असं पालिकेच्या साहेबांनी कळवलं होतं. भिंतीवर तक्ता लावला होता आणि तक्त्यावर चार कामं. चौकात कारंजं, कमानीला रंग, नवी बाकडी, नाहीतर मोठं घड्याळ. यातलं एक निवडा. म्हणजे मुलगा तुम्हीच पसंत करा, पण चारही स्थळं आमच्याच घरातली.

टेलरमावशी मशीनवरून उठून तशाच आल्या होत्या. गळ्यात मापाची टेप, खांद्याशी टाचण्या खोचलेल्या. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याला बोलावलेलं. दवाखाना दुपारी एकला बंद आणि सून कारखान्यातून सुटणार साडेपाचला. रजा मागितली तर मुकादम म्हणतो, मग घरीच बस. तीन आठवडे तपासणी नाही. आज सकाळी तिचे पाय एवढे सुजले होते की चपला पायात जाईनात.

मावशी उभ्या राहिल्या. कारंजं राहू द्या, म्हणाल्या, दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा. साहेब गोड हसले. संध्याकाळचे डॉक्टर, संध्याकाळची वीज, हे सगळं बजेटमध्ये बसत नाही, असं त्यांनी समजावलं. मावशींनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. मग बाकावरच्या सगळ्यांनीच पाहिलं.

"तुमच्या सूचनेचं स्वागत आहे," साहेब म्हणाले. "लेखी द्या. पेटीत टाका."

गेल्या वर्षी मावशींनी टाकली होती. त्या पेटीची किल्ली बदली झालेल्या साहेबांबरोबर गेली ती गेलीच, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी मावशी पेटीपाशी गेल्या. पेटीच्या वर फळा होता, फळ्यावर पांढरा कागद. 'सूचना. दवाखाना दुपारी एक वाजता बंद होईल. आदेशावरून.' हा कागद त्यांनी शंभरदा वाचला असेल. आज नजर पहिल्याच शब्दावर अडली.

त्यांनी पिशवीतून कापड बेतायचा खाकी कागद काढला, पेटीवरच पसरला आणि खडूनं ठळक लिहिलं. 'सूचना. उद्यापासून दवाखाना संध्याकाळी आठपर्यंत उघडा राहील. आदेशावरून.' खांद्यावरच्या चार टाचण्या काढून कागद फळ्यावर लावला, साहेबांच्या कागदाला खेटून.

"अहो बाई, ही कसली सूचना?" साहेब म्हणाले. "ही फार तर विनंती झाली."

"वा. तुमची ती सूचना आणि आमची ती विनंती?" मावशी म्हणाल्या. "तुमच्या कागदाला कुणाचा आदेश, ते आम्ही कधी विचारलं नाही. आमच्याला कुणाचा, ते तुम्ही खुशाल विचारा."

साहेबांनी विचारायच्या आतच इस्त्रीवाला उठून उभा राहिला. मग त्याची बायको. मग सगळा बाकच रिकामा झाला. सगळे नुसते मावशींच्या मागे येऊन थांबले.

साहेबांचा पारा चढला. त्यांनी शिपायाला हाक मारली. वीस वर्षं या फळ्यावर कागद लावायचं आणि काढायचं काम शिपायाचंच. राहायला तो मागच्याच गल्लीत. आईच्या पायाची जखम रोज ड्युटीवरून घरी गेल्यावर स्वतःच्या हातानं बांधायचा, कारण तोवर दवाखान्याला कुलूप लागलेलं असायचं.

"ती सूचना काढ आधी," साहेब म्हणाले.

शिपाई फळ्यापाशी गेला. सूचना दोन होत्या. त्यानं दोन्ही वाचल्या, बोट फिरवत, सावकाश. मग एक काढली, तिची नीट चौपदरी घडी घातली आणि साहेबांच्या टेबलावर आणून ठेवली.

घडी पांढऱ्या कागदाची होती.

"काढली, साहेब," तो म्हणाला.